पुण्यातले महागडे बर्गर: तेवढ्या पैशांचे आहेत का?

सई_बाणेर

बाणेर, बालेवाडी, औंध, विमाननगर, कोरेगाव पार्क, कुठेही जा, एक तरी 'प्रीमियम' बर्गरचं दुकान दिसतंच. काउंटरवर ऑर्डर द्यायची, बझर घेऊन बसायचं, वाजला की आपणच ट्रे उचलून आणायचा. बर्गर तीनशेच्या पुढे, फ्राइज वेगळे, पेय वेगळं. चौघांचं बिल दीड हजारावर सहज जातं. त्या पैशांत वेटर असलेल्या, पंखे आणि पाणी व्यवस्थित असलेल्या हॉटेलात पोटभर जेवण होतं.

पैसे परवडतात की नाही हा माझा प्रश्न नाही. आवडलं तर लोक खर्च करतात, आम्हीही करतो. मला हे समजून घ्यायचंय की जुन्या दुकानसाखळीतल्या (चेनमधल्या) दीडशेच्या बर्गरमध्ये आणि या साडेतीनशेच्या बर्गरमध्ये पदार्थ म्हणून नेमका फरक कुठे आहे. आमच्या घरी दोघं मांसाहारी, दोघं शाकाहारी. गंमत अशी की एकाच टेबलावर दोन मतं पडतात. नवरा आणि मुलगा दर वेळी खूश असतात. मी आणि सासूबाई दर वेळी अर्धा बर्गर उरवतो. असं का होत असावं? स्वयंपाकघरातलं कळणाऱ्यांनी जरूर लिहा.

शनिवारकर

साडेतीनशेत किती वडापाव येतात हे मोजा, उत्तर मिळेल.

सई_बाणेर

शनिवारकर, वडापाव मलाही प्रिय आहे, पण ही तुलना इथे नको. वडापाव उभ्याने दोन मिनिटांत खायचा पदार्थ आहे आणि तो कोणी 'अनुभव' म्हणून विकत नाही. बर्गरची तुलना बर्गरशीच करू.

तवा_गरम

मी काही वर्षं अशाच एका साखळीच्या किचनमध्ये काम केलंय (पुण्यातच, नाव लिहीत नाही), आता स्वतःचं छोटं किचन आहे. सईताई, तुमच्या टेबलावर दोन मतं का पडतात ते सांगतो. उत्तर लांब आहे.

या सगळ्या दुकानांची कीर्ती ज्या बर्गरवर उभी आहे तो 'स्मॅश' बर्गर. खिम्याचा सैल गोळा कडकडीत तापलेल्या लोखंडी पृष्ठभागावर टाकायचा आणि लगेच जड उलथन्याने दाबून पातळ करायचा. मांस तव्याला सगळीकडून चिकटतं, साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर प्रथिनं आणि साखरेची प्रक्रिया सुरू होते, त्याला मेयार प्रक्रिया म्हणतात. त्यातून ती तपकिरी, कुरकुरीत, खमंग कड तयार होते. सगळी चव त्या कडेत असते. पण यासाठी खिम्यात साधारण वीस टक्के चरबी हवी. चरबी वितळते, मांस स्वतःच्याच तुपात तळलं जातं आणि आतून ओलं राहतं. अमेरिकेत हे गाईबैलाच्या मांसाचं गणित आहे. ८० भाग मांस, २० भाग चरबी.

आता महाराष्ट्रात या. गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाल्यावर बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसाला मुभा आहे. म्हणजे पुण्यात ज्याला 'टेंडरलॉइन बर्गर' म्हणतात तो म्हशीचा. हे मांस मुळात कमी चरबीचं, रंगाने गडद. नुसतं दाबून भाजलं तर कोरडं पडतं. चांगलं किचन त्यात वेगळी चरबी दळून घालतं, दळणही थंडगार ठेवतं, कारण चरबी आधीच वितळली तर सगळा खटाटोप वाया जातो. हे काम मेहनतीचं आहे आणि जे करतात त्यांच्या बर्गरला मी मनापासून साडेतीनशे देईन.

पण पुण्यात खपतं काय? चिकन आणि पनीर. माझ्या किचनमध्ये तरी म्हशीच्या मांसाचे बर्गर विक्रीत बरेच मागे असायचे. आणि चिकनच्या छातीचा खिमा दाबून भाजला की काय होतं हे घरी करून बघा, लाकूड होतं. म्हणून हुशार दुकानं चिकनला स्मॅश करतच नाहीत. ती मांडीचं बोनलेस घेतात, ताकात मुरवतात, मसाल्याच्या मैद्यात घोळून तळतात. मांडीत चरबी जास्त, ताकातल्या आम्लाने मांस मऊ पडतं, वरून कवच कडक. तुमच्या घरचे दोघं हाच खात असणार आणि तो खरंच छान लागतो.

राहिलं शाकाहारी. ज्या तंत्रामुळे बर्गरची किंमत वाढली ते तंत्र पनीरला लागूच होत नाही. पनीरमध्ये वितळून बाहेर येणारी चरबी नाही, दाबलं तर ते तुटतं. मग बेसनात किंवा ब्रेडक्रम्समध्ये बुडवून तळतात, वर भरपूर सॉस. शाकाहारी गिऱ्हाईक ब्रेडचे, सॉसचे आणि खुर्चीचे पैसे देतं. पॅटीचे नाही.

मीनल_सहकारनगर

तवा_गरम, हे कोणीतरी एवढं स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. मी जन्माने शाकाहारी आहे आणि बर्गर मनापासून आवडतो, म्हणून हा विषय माझ्यासाठी गंभीर आहे.

भारतात मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान १९९६ साली आलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट नीट केली. आपल्याकडे बटाटा पावात चालतो हे ओळखून आलू टिक्की बर्गर बनवला. स्वस्त होता, आणि त्याला स्वतःची चव होती. तो कशाची नक्कल नव्हता. आजच्या महागड्या साखळ्यांनी त्याच्या पुढे एक पाऊल टाकायला हवं होतं. टाकलं नाही. बहुतेक ठिकाणी पनीरचा जाड चौकोन, आतून पांढरा, फिका, मीठसुद्धा न पोचलेला. दाताखाली रबर. वरून पेरीपेरीचा तिखट मसाला.

आपल्याकडे पॅटीसाठी काय कमी आहे? राजमा जाडसर कुटून त्यात परतलेले मश्रूम आणि भाजलेला कांदा घाला. मश्रूममधलं पाणी आधी पूर्ण उडवा, म्हणजे पॅटी फुटत नाही. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटून शामी कबाबाच्या पद्धतीने करा. सुरण उकडून, किसून करा. कच्च्या केळ्याचं करा. यातलं काहीही तव्यावर लोण्यात भाजलं तर त्याला खमंग कड येते, म्हणजे शाकाहारी बर्गरलाही तीच मजा देता येते. पण त्यासाठी किचनमध्ये माणूस बसवून वाटण-घाटण करावं लागतं, आणि पनीर पाकिटातून कापून निघतं. माझा आक्षेप एवढाच. किंमत मांसाच्या बर्गरच्या जवळची आणि मेहनत त्याच्या चतुर्थांश.

शनिवारकर

मीनलताई, सुरणाची कल्पना फार आवडली. घरी करून बघणार.

पिंपरीचा_परतलेला

नोकरीसाठी न्यू जर्सीत राहून आलोय, तिथलं थोडं लिहितो. या दुकानांचा साचा तिथूनच आलाय आणि मूळ साचा कशासाठी होता हे बघितलं की तुलना सोपी होते.

शेक शॅक या अमेरिकन बर्गर साखळीची सुरुवात २००१ मध्ये मॅनहॅटनच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कात एका हॉटडॉगच्या गाडीने झाली. बाग सुधारण्याच्या कामाला मदत म्हणून ती गाडी लावली होती. २००४ मध्ये तिथेच कायमची टपरी झाली, २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. चालवणारा माणूस डॅनी मेयर, त्याची मोठी नावाजलेली रेस्टॉरंट्स होती. म्हणजे कल्पना अशी की उंची रेस्टॉरंटवाल्याने त्याच दर्जाच्या सामानाचा साधा बर्गर करायचा, वेटर आणि टेबलक्लॉथ काढून टाकायचे आणि वाचलेला पैसा मांसात आणि पावात घालायचा. अशा दुकानांना 'फास्ट कॅज्युअल' म्हणतात, त्याचा सगळा अर्थ या व्यवहारात आहे.

फाइव्ह गाइजचंही तसंच. १९८६ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला मरेल कुटुंबाने काढलं. दुकानात फ्रीझर नाही हे त्यांचं मोठं अभिमानाचं वाक्य. फ्राइज शेंगदाण्याच्या तेलात तळतात, दुकानात बटाट्याची पोती रचून ठेवलेली असतात. मला तिथे पहिल्यांदा शेंगतेलाचा वास आला तेव्हा थेट आजीचं स्वयंपाकघर आठवलं. तो बर्गर स्वस्त नाही आणि तिथेही लोक भावावरून कुरकुरतात. पण पैसे कुठे गेले ते समोर दिसतं.

आपल्याकडे वेटर काढला, बरोबर. टेबलक्लॉथ काढला, बरोबर. वाचलेला पैसा मात्र पुष्कळदा निऑनच्या पाटीत, भिंतीवरच्या ग्राफिटीत आणि रील बनवणाऱ्यांना फुकट खाऊ घालण्यात गेलेला दिसतो. मला यातलंच खटकतं. दुकान सुंदर असू नये असं नाही, पण आधी पाव.

हिशेबनीस

पैसे कुठे जातात याचं थोडं व्यावहारिक उत्तर. काही लहान हॉटेलवाल्यांची खाती बघतो, त्यावरून.

रेस्टॉरंटच्या बिलावर आपण ५ टक्के जीएसटी देतो. या दराला इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे दुकानदार भाड्यावर जो १८ टक्के जीएसटी भरतो, फर्निचरवर, मशीनवर, पॅकिंगवर जो भरतो, त्यातला एक रुपयाही त्याला वजा करता येत नाही. तो सगळा खर्चात धरून किंमत ठरते. बालेवाडी हाय स्ट्रीट किंवा कोरेगाव पार्कच्या मुख्य रस्त्यावरचं भाडं त्यावर ठेवा. मग डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन, जे एकूण बिलाचा मोठा वाटा खातं, आणि अ‍ॅपवरच्या सवलतीतला दुकानाचा हिस्सा वेगळा. एवढं झाल्यावर बर्गरमधल्या सामानावर खर्च करायला जे उरतं ते गिऱ्हाइकाला वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. म्हणून एकाच चवीचा बर्गर तुळशीबागेजवळच्या गल्लीत दोनशेला आणि मॉलमध्ये साडेतीनशेला असू शकतो, आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जिथे आपणच ट्रे उचलतो तिथे बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर काढायला सांगा. तो आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली.

कॅम्पातली_फ्रेनी

पुण्यात बर्गरचा विषय निघाला आणि कॅम्पातल्या इराणी बर्गर किंगचं नाव अजून कोणी घेतलं नाही! १९९२ पासूनचं दुकान. अमेरिकन कंपनी त्याच नावाने भारतात २०१४ मध्ये आली, तोवर आमच्या कॉलेजच्या कितीतरी बॅचेस इथल्या बर्गरवर वाढल्या होत्या. नावावरून अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये नाव वापरायला तात्पुरती मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका शहरातल्या लहान दुकानाने एवढी वर्षं कोर्टात उभं राहावं याचं मला फार कौतुक आहे.

मुद्दा असा की पुण्याला चांगला बर्गर नव्या साखळ्यांनी शिकवलेला नाही. कॅम्पात बेकऱ्या होत्या, मांसाची चांगली दुकानं होती, इराणी हॉटेलं होती, त्यातून इथला बर्गर घडला. पाव हलका, आत रसरशीत पॅटी, मेयोनीज सढळ हाताने. तो अमेरिकन स्मॅश बर्गर नाही आणि व्हायचा प्रयत्नही करत नाही. मला नव्या दुकानांतले एक-दोन खरंच आवडतात, पण हाइप म्हणाल तर ज्या दुकानाला गर्दी जमवायला जाहिरात लागली नाही त्याच्या मानाने बाकीच्यांना अजून बरंच सिद्ध करायचंय.

हिंजवडी_फेज_दोन

आमच्याकडे ऑफिसात सगळे मागवूनच खातात. पंचेचाळीस मिनिटांनी डबा उघडला की पाव ओला, फ्राइज मेलेले, चीज कागदाला. मित्र म्हणतात साखळीच बेकार. तसं असतं का?

तवा_गरम

नाही. मागवलेल्या बर्गरवरून कुठल्याही दुकानाचा निकाल लावू नका. गरम पॅटी बंद डब्यात वाफ सोडते, ती वाफ पावात शिरते. चांगलं किचन पावाच्या आतल्या दोन्ही बाजू लोण्यावर भाजतं, म्हणजे एक पातळ कडक थर तयार होतो आणि रस लगेच आत शिरत नाही. पण हा थर काही मिनिटं टिकतो, हिंजवडीच्या चौकातल्या ट्रॅफिकमधून येईपर्यंत नाही. स्मॅश बर्गर तर पहिल्या पाच-सात मिनिटांचाच पदार्थ आहे. त्याचा प्रवास होत नाही. मागवायचाच असेल तर तळलेल्या चिकनचा मागवा आणि सॉस वेगळा मागा.

आणि दुकान तपासायचं कसं, हे कोणी विचारायच्या आधीच लिहितो. पहिल्या वेळी मेन्यूतला सगळ्यात साधा बर्गर घ्या. पॅटी, चीज, कांदा, लोणच्याची काकडी, बस. ट्रफल (उंची अळंबी), हॅलपिन्यो (मेक्सिकन मिरची), ओनियन रिंग, तीन सॉस यांच्या आड काहीही लपतं. मग पाव उलटा करून खालची बाजू बघा. भाजलेला नसेल तर किचनला घाई आहे किंवा आस्था नाही. पॅटीची कड बघा, सगळीकडे एकसारखा करडा रंग म्हणजे तवा तापलेला नव्हता. चीज नीट वितळून पॅटीला धरून आहे का बघा. प्रोसेस्ड स्लाइस त्यासाठीच असते, तिच्यातल्या क्षारांमुळे ती तेल न सोडता वितळते. त्यामुळे महागडं चेडार लिहिलंय म्हणून भुलू नका, बर्गरवर साधी स्लाइसच जास्त चांगलं काम करते.

ऋता_एफसी

मी कॉलेजात आहे आणि वाचताना वाटलं की आमच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं. आम्ही चौघी मिळून दोन बर्गर आणि एक फ्राइज घेतो आणि अडीच तास बसतो. कोणी उठवत नाही. एसी, चार्जिंग, स्वच्छ बाथरूम, किचन काचेपलीकडे दिसतं. रात्री साडेनऊला मुलींना निवांत बसता येईल अशा जागा एफसी रोडवरसुद्धा थोड्याच आहेत. हिशेबनीस काकांनी भाड्याचं लिहिलं, ते भाडं आम्ही वापरतो, म्हणून मला ते वाया गेलेलं वाटत नाही. चवीबद्दल मीनलताईंशी पूर्ण सहमत, पनीर बर्गर एकदाच घेतला.

मीनल_सहकारनगर

ऋता, हे अगदी खरं आहे आणि यापुढे मी किमतीबद्दल बोलताना हे धरून बोलेन. पण मग जागेचे पैसे घेताच आहात तर शाकाहारी मुलींनाही त्या जागेत काहीतरी धड खायला द्या, एवढंच म्हणणं आहे.

मंचरचा_बाळू

फ्राइजवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा होतो, मंचरच्या बाजारात येतो. लोक विचारतात, बटाटा दारात असताना दुकानदार फ्रोझन फ्राइज का वापरतात? कारण भाजीच्या बटाट्यात पाणी जास्त. फ्राइजला घट्ट, कमी साखरेचा, लांबट बटाटा लागतो. साखर जास्त असेल तर आत शिजायच्या आधी बाहेरून काळपट होतो. शिवाय बटाटा थंड गोदामात राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. म्हणून फ्राइजच्या जातींची वेगळी लागवड करारावर होते, मॅकेन या फ्रोझन फ्राइजवाल्या कंपनीचा कारखाना गुजरातेत मेहसाण्याला आहे, तिथून गोठवून माल येतो.

फ्रोझन म्हणजे वाईट असं मुळीच नाही. दोष तेलात असतो. तेच तेल दिवसभर उकळलं की फ्राइजला कडवट वास येतो. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे, तेल वारंवार तापून खराब होताना त्यात तयार होणारे 'पोलर' घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. साडेतीनशेच्या बर्गरबरोबर दीडशेचे फ्राइज घेताना नाकाला वास आला तर परत करा, संकोच करू नका.

सई_बाणेर

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप कळलं. सासूबाईंना मीनलताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या राजमा-मश्रूमची पॅटी करणार आहेत. नवऱ्याला मात्र घरी स्मॅश करून बघायचाय. तवा_गरम, बिडाच्या तव्यावर जमेल का? आणि पाव कोणता घेऊ, ब्रिऑश मिळाला नाही तर?

तवा_गरम

बिडाचा तवा उत्तम, हाच हवा. धूर निघेपर्यंत तापू द्या, खिडकी उघडी ठेवा, तेल घालू नका. ब्रिऑशच्या मागे लागू नका. त्यात लोणी, अंडं आणि साखर इतकी असते की गोडसर लागतो आणि पातळ पॅटी त्याखाली हरवते. जवळच्या बेकरीतला ताजा गोल बनपाव घ्या, वर टुटीफ्रुटी नसलेला, आणि आतून लोण्यावर भाजा. म्हशीच्या मांसाचा खिमा घेणार असाल तर खाटकाला चरबीसकट आणि एकदाच जाडसर दळून द्यायला सांगा, घरी येईपर्यंत थंड ठेवा. गोळे साधारण ऐंशी ग्रॅमचे, हलक्या हाताने, मळायचे नाहीत. तव्यावर टाकल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबा, नंतर दाबलं तर रस निघून जातो. उलटताना खालची खमंग कड पत्र्यासारख्या पातळ, धारदार उलथन्याने खरवडून पॅटीबरोबरच उचला. आणि मीठ खिम्यात आधी मिसळू नका. त्याने मांस सॉसेजसारखं घट्ट चिवट होतं. पॅटी तव्यावर दाबून झाली की वरून भुरभुरा.